टांकी न लावलेले टरबूज

कलिंगडाच्या सालीला सुरी टेकवली की क्षणभर काहीच घडत नाही. मग साल आपणहून चरचरत पुढे उलत जाते, आणि त्या फटीतून जो वास वर येतो तो फळाचा नसतो, पाण्याचा असतो. उन्हाने तापलेल्या गाळावर सकाळी कोणी घागर उपडी करावी, तसा. कुठेही, कोणाच्याही स्वयंपाकघरात तो वास आला की माझ्या डोळ्यांपुढे क्षिप्रा उभी राहते. चैत्रातली, अंगाने रोडावलेली, रामघाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या टाकून पलीकडे सरकलेली क्षिप्रा.

मी उज्जैनला आले तेव्हा मध्यभारत नावाचे राज्य नुकतेच जन्मले होते. कालपरवापर्यंत ग्वाल्हेर संस्थानात असलेले शहर आता नेमके कोणाचे, हे तिथल्या माणसांनाही पुरतेपणी उमगले नव्हते. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळ्यात इंदुरास. त्यामुळे सरकारी शाळेत शिकवणारे माझे यजमान म्हणत की आपले सरकार पाखरांच्या जातीचे आहे, हवा बदलली की उडते. माझ्या माहेरी, कृष्णाकाठच्या गावी, मात्र कसलाच संभ्रम नव्हता. मुलगी परमुलखात दिली, एवढेच सगळे म्हणत. आईने निघताना मेतकूट, कुळथाचे पीठ आणि सुयांची पुडी बांधून दिली होती. तिकडे सुया मिळतात की नाही कोण जाणे, असे ती म्हणाली. सुया मिळत होत्या. पण दिवेलागणीनंतर त्या कोणी देत नसे, हे मला पुढे कळले.

वडील संस्कृतचे शिक्षक. लहानपणापासून त्यांनी माझ्याकडून वृत्ते पाठ करून घेतलेली, म्हणून कानावर पडेल ते लघु-गुरूंत मांडून पाहण्याची मला खोड होती. उज्जैनच्या पहिल्या सकाळी दारावरून गेलेल्या भाजीवाल्याची आरोळी मी अशीच अंथरुणात पडल्या पडल्या मांडून पाहिली. शेवटची दोन अक्षरे तो इतकी लांबवी की ती कोणत्याही वृत्तात मावेनात. तेव्हाच मनात आले, या गावाचे माप वेगळे आहे.

आमच्या गावचा वाणी अबोल होता. जिन्नस सांगावा, त्याने तो तोलावा, पुडीला दोरा गुंडाळून दातांनी तोडावा, संपले. उज्जैनला दुकान ही बसण्याची जागा होती. आधी गादीवर बसायचे, मग मटक्यातले पाणी यायचे, मग घरच्यांची चौकशी व्हायची, मग उन्हाची, आणि ज्यासाठी आलो तो विषय आपणच लाजत लाजत काढायचा. भाव सगळ्यात शेवटी. गहू मापताना दुकानदार पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘बरकत’ म्हणे, आणि मग दोन, तीन. ते ऐकून मला एकदम माहेर आठवले, कारण आमचा अबोल वाणीदेखील पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणे. दिवसभरात तेवढा एकच शब्द तो आनंदाने उच्चारी. दिवे लागल्यावर मी एकदा मीठ आणायला गेले तर ओळखीच्या दुकानदाराने ऐकूच आले नाही असे केले. दुसऱ्यांदा मागितले तेव्हा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने हळूच सुचवले की या वेळी त्याला रामरस म्हणावे. मी रामरस मागितला. त्याने हसत हसत मीठ बांधून दिले.

पण या सगळ्यांहून मोठा रिवाज होता तो चाखण्याचा. उज्जैनच्या बाजारात कोणी काही विकत नसे. आधी खाऊ घालत आणि मग, जणू ओशाळून, पैसे घेत. गोपाळ मंदिराजवळच्या गल्लीत शेवेची कढई असे. लवंगेचा तिखट, गळ्यात उतरणारा दरवळ कोपऱ्यावरच गाठी. तिथला माणूस आपण काही बोलायच्या आत गरम शेवेची चिमूट तळहातावर ठेवी आणि आपल्या तोंडाकडे पाहत थांबे. गूळवाला अंगठ्याने ढेपेचा खडा मोडून देई. जिरे तळव्यावर चोळून हुंगायला लावत, तांदळाचे दाणे दाताखाली फोडायला लावत, मनुके तर मोजदादच नसलेले. यजमान म्हणत, तुला साबण आणायला एकटीला पाठवायचे नाही.

ज्याने चाखले नाही त्याने मालाचा अपमान केला, असा तिथला समज होता. न चाखता पुडी बांधून मागणे म्हणजे तुझा माल कसाही असो, मला काय, असे दुकानदाराच्या तोंडावर सांगणे.

आणि नेमके चाखणेच मला वर्ज्य होते.

माझ्या सासूबाई उज्जैनच्याच. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर लेखणी घेऊन उत्तरेत आले ते इथलेच झाले. दक्षिण त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या घरातली दक्षिण माझ्या माहेरापेक्षा कडक होती. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असे की दुधात साखर कुठे संपते ते कळू नये. पण सोवळ्यात, सणात, उष्ट्या-खरकट्यात तसूभर मिसळ चालत नसे. मी पहिल्यांदा बाजाराला निघाले तेव्हा त्यांनी मला दारात थांबवले.

“बजारात तोंड हलवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आपल्या घरची बाई रस्त्यात खाताना कोणी पाहिली नाही. पण नाही पण बोलू नको हं, दुकानदार नाराज होतो. देतील ते हातावर घे, पदराला गाठ मार, आणि येताना गाईला घाल.”

त्या स्वतः आयुष्यभर हेच करत आल्या होत्या. दुकानदारासमोर हात पुढे करायचा, मान डोलवायची, आणि तो तराजूकडे वळला की पदराची गाठ. ती विद्या मी लवकरच शिकले. बाजारातून परतताना माझ्या पदराच्या टोकाला सगळे उज्जैन गाठ मारून बसलेले असे: शेव, गुळाचा खडा, बडीशेप, चार मनुके, कधी खोबऱ्याचा तुकडा. माधवनगरात आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक पांढरी गाय उभी राही. तिला माझा टांगा ओळखू येऊ लागला. लोकरीसारखी ऊबदार जीभ ती माझ्या तळव्यावरून फिरवी आणि सगळे बाजारभाव एका दमात चाटून पुसून टाकी. वर्ष होत आले तरी या गावाची चव तिला ठाऊक होती, मला नव्हती. मला फक्त वास ठाऊक होते.

एकदा गाय जागेवर नव्हती. गाठ सोडायची राहिली आणि मी तशीच सासूबाईंबरोबर एका प्रतिष्ठित घरी बसायला गेले. गुळाचा सुगावा लागून मुंग्यांची रांग जाजमावरून माझ्या पदराकडे निघाली. यजमानीणबाई बोलता बोलता ती रांग न्याहाळत राहिल्या, आणि निरोप देताना त्यांनी मला विचारले की आज गूळ कोणाकडचा होता. परतीच्या टांग्यात सासूबाईंनी तोंड रस्त्याकडे वळवले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि त्या हसत आहेत हे मला कळले.

मग चैत्र आला. आमचे बिऱ्हाड जुन्या शहरातून माधवनगरात माझ्या लग्नाच्या सुमारास आले होते. रुळांच्या अलीकडची ती रुंद, मोकळ्या रस्त्यांची वस्ती जुन्या शहरातल्या मराठी बायकांना गावाबाहेरची वाटे. तिकडे राहायला गेलेल्यांचे सणवार सुटतात, असे कोणीसे बोलले होते आणि ते सासूबाईंच्या कानावर आले होते. त्यांनी मनाशी काय ठरवले ते मला आठ दिवसांनी कळले, आणि तेही बाहेरून. शहरातल्या झाडून सगळ्या मराठी घरांत त्यांनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे केले होते, आणि प्रत्येक दारात सांगितले होते की आमची सून कलिंगडाचे कमळ कोरते, तेही सगळ्यांच्या समोर.

कमळ मी कोरत असे, हे खरे. माहेरी ते माझ्याकडेच असे. अखंड फळ गौरीपुढे ठेवायचे, बायका जमल्या की सुरी हाती घ्यायची, मध्यावरून पाकळ्यांची करवती रेघ फिरवायची आणि वरची टोपी उचलली की आत लालभडक कमळ उमललेले. पण त्यासाठी कलिंगड अखंड हवे. गौरीला छेदलेले फळ चालत नाही, आणि भोक पडलेल्या सालीच्या पाकळ्या होत नाहीत.

उज्जैनमध्ये कलिंगडाला टरबूज म्हणतात, आणि टरबुजाला टांकी लावल्याशिवाय ते विकत नाहीत. टांकी म्हणजे सुरीचे टोक खुपसून काढलेली तिकोनी फाक. ती ओढून बाहेर काढायची, लाल रंग दाखवायचा, गिऱ्हाइकाच्या हातावर टोक मोडून ठेवायचे, त्याने मान डोलवली की फाक पुन्हा जागेवर बसवायची. ही टांकी पदराला बांधता येत नाही. बांधता आली असती तरी उपयोग नव्हता. भोक ते भोकच.

हळदीकुंकवाच्या दिवशी ऊन कोवळे असतानाच मी टांगा करून रामघाटाकडे गेले. नदी आटत जाई तशा काठच्या गाळात वेली पसरत, आणि ही बाडी, गाळातला मळा, करणाऱ्या बाया घाटाच्या उतारावर ढीग लावून बसत. वर आरतीच्या घंटा वाजत होत्या, ओल्या धोतरांचा आणि झेंडूचा वास होता, आणि खाली ओल्या गोणपाटावर ती हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची फळे गार होत पडली होती. मी एका बाईपुढे बसले. उतारवयाची, पण बांधा ताठ. मनगटभर चांदी, आणि आवाजाला धार. मी एका गोल, सुबक फळावर बोट ठेवले मात्र, तिने ते मांडीवर घेतले आणि सुरी उचलली. मी तिचा हात धरला.

माझी हिंदी म्हणजे मराठीला लावलेले ठिगळ. त्या ठिगळाने मी तिला गौरी समजावली, हळदीकुंकू समजावले, कमळाच्या पाकळ्या बोटांनी हवेत काढून दाखवल्या. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि सुरी खाली ठेवली नाही.

“बिना टांकी के मैं नी देती, बाईसाब,” ती म्हणाली. “आज तक नी दिया.”

मी फळावर टिचक्या मारून कान लावला. आमच्याकडे असेच पारखतात, असे सांगितले.

“ठोक-बजा के घड़ा लेते हैं. टरबूज जीभ से लेते हैं.”

आजूबाजूच्या बाया आता आपापले ढीग सोडून आमच्याकडे पाहू लागल्या होत्या. एकीने तिला समजावले की पूजेचे आहे, देऊन टाक. तर ही म्हणाली, पूजेचे आहे म्हणूनच देत नाही. घरी फिके निघाले तर घरचे लोक दोन शिव्या देऊन विसरतात. देवीसमोर फिके निघाले तर तिच्या बाडीचे नाव कायमचे जाईल. मी तोड काढली. तिने त्याच वेलावरचे दुसरे टरबूज कापावे, त्यावरून याची पारख करू, मी दोन्ही घेते. त्यावर तिने मला जरा कीव आल्यासारखे पाहिले. तिचे दोन मुलगे होते, म्हणाली, एकाच पोटचे. एक दिवसभर बडबडतो आणि दुसरा माठासारखा बसून राहतो. एकाच्या पोटातले दुसऱ्यावरून कसे कळावे?

सगळ्या हसल्या. मलाही हसू आले, पण डोळ्यांपुढे सासूबाई होत्या, आणि दारोदार केलेले बोलावणे. मी दुसरीकडे पाहावे म्हणून उठले.

आणि तिचा चेहरा पालटला. तिची बोहनी झाली नव्हती. दिवसाचे पहिले गिऱ्हाईक मी होते, आणि पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले तर सबंध दिवस रिकामा जातो, हे त्या घाटावर लहान पोरही जाणत होते. न चाखलेला माल द्यायचा नाही हाही तिचाच नेम, आणि बोहनी मोडायची नाही हाही तिचाच. दोन्ही नेमांच्या मध्ये ती सुरी हातात घेऊन अडकली. शेजारणींची करमणूक चालली होती. ती मात्र खाली मान घालून विचार करत होती.

“ले जाओ,” शेवटी ती म्हणाली. “पर काटना मेरे सामने. मैं आऊँगी. तब तक चाकू नी लगाना.”

मी घराचा पत्ता सांगितला. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. देवीचे नाव घेऊन बोल, म्हणाली. मी गौरीचे नाव घेतले. तिने ते टरबूज ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातांवर असे ठेवले, जसे कोणी तान्हे मूल पाहुण्यांच्या हाती देते. नजर फळावर, हात सुटत नाही.

घरी सासूबाईंनी फडके सोडले, फळ फिरवून फिरवून पाहिले, साल कुठेही फुटली नाही याची खात्री केली.

“हे दिलं कसं तिनं?” त्यांनी विचारले.

मी सांगितले. त्या ऐकत राहिल्या. मग कैरी किसायला घेतली आणि किसणीकडे पाहतच म्हणाल्या, “म्हणजे आपल्या हळदीकुंकवाचा मुहूर्त आता टरबूजवाली काढणार.”

दुपार कैरीच्या आंबट वासात गेली. अंगणात मी चैत्रांगण काढले. भिजलेल्या हरभऱ्यांचा ओला, मातकट दरवळ, वाटल्या डाळीवरची चुरचुरीत फोडणी, पन्ह्यातली वेलची, आणि घागरीत टाकलेला वाळा. छोट्या पितळी झोपाळ्यात गौर बसली. तिच्या भोवती पायऱ्या-पायऱ्यांची आरास मांडली, आणि अगदी समोर, पांढऱ्या वस्त्रावर, ते अखंड हिरवे टरबूज. मोगऱ्याच्या गजऱ्यांनी घर इतके भरले की सासऱ्यांनी आपले वर्तमानपत्र घेऊन ओसरी गाठली.

उन्हे कलली तसे टांगे येऊ लागले. रुळांच्या पलीकडच्या सगळ्या आल्या. ज्यांना माधवनगर गावाबाहेर वाटत होते त्या सगळ्यांत आधी. हळदीकुंकू झाले, अत्तर झाले, गुलाबपाणी शिंपडले, डाळ आणि पन्हे फिरले. ओटीत हरभरे पडले. आणि मग सगळ्यांच्या नजरा त्या टरबुजाकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या.

रस्त्यावर कोणी दिसत नव्हते. मी पुन्हा पन्हे विचारून आले. पुन्हा गुलाबपाणी शिंपडले. एक पोक्त बाई शेजारणीला म्हणाल्या, “कमळ अजून कळीतच आहे वाटतं.” शेजारीण पदराआड हसली. सासूबाईही हसल्या, आणि हसत हसतच उठून माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या.

“टांगे उभे राहून राहिले. किती वाट बघायची?”

“आई, मी शब्द दिला आहे.”

“टरबूजवालीला?”

“गौरीचं नाव घेऊन.”

 त्यांच्या हातात सुरी होती. ती त्यांनी पुसली आणि पुन्हा ताटात ठेवली. बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितले की उन्हाचा कडाका उतरला की कोरू, नाहीतर पाकळ्या कोमेजतात. असा काही नियम नव्हता. पण सासूबाईंनी सांगितल्यावर तो झाला.

ती आली तेव्हा आधी चांदी वाजली. नवे लुगडे, तेल लावून चोपलेले केस, गळ्यात हसळी, आणि काखेत एक लहान टरबूज. त्याला टांकी लावलेली, फाक नीट जागेवर बसवलेली. ओसरीच्या पायरीशी ती थांबली. घाटावरचा तिचा आवाज कुठेतरी राहिला होता. जाजमावर बसलेल्या बायकांनी तिच्याकडे पाहिले, मग सासूबाईंकडे. मी जागच्या जागी उभी होते. या घरात कोणी कुठे बसावे हे सांगण्याइतकी मी अजून जुनी झाले नव्हते.

सासूबाई पुढे गेल्या. “अंदर आओ,” त्या म्हणाल्या, तिला हळदीकुंकू लावले, ओटीत हरभरे घातले, आणि गौरीजवळ, जिथून सुरी नीट दिसेल अशी जागा दाखवली. जाजमावर सरकासरक झाली. कोणी भरभर सरकले, कोणी जरा सावकाश.

मी सुरी हाती घेतली.

साल चरचरली. वास उठला, नदीचा, गाळाचा, सकाळचा. मोगरा, वाळा, अत्तर, सगळे त्यापुढे मागे सरले. मी पाकळी-पाकळीने रेघ फिरवत गेले, कुठेही हात चुकला नाही. फेरा पुरा झाला. दोन्ही हातांनी मी वरची टोपी उचलली.

आत लाल नव्हते. सकाळी उमललेला गुलाब दुपारी जसा होतो, तसा रंग होता. फिकट, धुतल्यासारखा, गाभ्याशी तर जवळजवळ पांढरा. खोलीत वाळ्याच्या घागरीवरून ठिबकणारे पाणी ऐकू येऊ लागले.

“असू दे,” त्याच पोक्त बाई गोड आवाजात म्हणाल्या, “कमळं पांढरी पण असतातच की.”

मी टरबूजवालीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिने काखेतले टरबूज घाईघाईने पुढे केले. हे घ्या, हे लाल आहे, मी पाहिले आहे, असे ती पुटपुटत होती, आणि टांकी ओढून लाल टोक सगळ्यांना दाखवत होती. त्या टोकातून तिच्या नव्या लुगड्यावर रस ठिबकला. छेदलेले फळ गौरीला चालणार नव्हते, हे मी सकाळी तिला समजावले होते. ते तिलाही आठवले असावे. तिचा हात तसाच अर्ध्यावर राहिला.

“गौरीपुढे आलं ते आलं,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ते फिके कमळ सरळ केले, भोवती पाणी फिरवले, डोळे मिटले. नैवेद्य दाखवला. गौर झोपाळ्यात हलली; तिला रंगाचे काही वाटले असावे असे दिसले नाही. मग सासूबाईंनी पाकळ्यांच्या आतून एक तुकडा काढला. सगळ्यांना वाटले, आता वयाप्रमाणे, मानाप्रमाणे वाटप सुरू होईल. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, टरबूजवालीपुढे गेल्या, आणि बाजारात दुकानदार ठेवतात तसा तो तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

“चखो,” त्या म्हणाल्या. आयुष्यभर ज्या शब्दापुढे त्यांनी फक्त हात पुढे केला होता, तो शब्द.

तिने तुकडा तोंडात टाकला. एकदा चावला आणि थांबली. भुवया हळूहळू वर गेल्या. पुन्हा चावला. मग तिने तोंडावर पदर घेतला, आणि पदराआडून हसण्याने तिचे खांदे हलू लागले, मनगटावरची चांदी किणकिणली, आणि कोणालाही न विचारता तिने गौरीपुढच्या कमळातून दुसरा तुकडा काढून घेतला. पोक्त बाईंची मान नकळत पुढे आली. जाजमावर रिकाम्या वाट्या एकमेकींना लागून वाजल्या.

सासूबाई आता माझ्याकडे वळल्या. घरात मी सगळ्यांत धाकटी. माझे पान नेहमी शेवटचे. त्यांनी गाभ्याजवळचा, अगदी फिका तुकडा निवडला आणि माझ्या उजव्या तळव्यावर ठेवला. थंडगार, जड, रसाने निथळणारा. मी मान डोलवली. आणि वर्षभराच्या सवयीने, माझ्याही नकळत, डावा हात पदराचे टोक शोधत कमरेकडे गेला.

सासूबाईंनी ते पाहिले. त्यांनी माझे डावे मनगट धरले, पदर माझ्या मुठीतून सोडवला, आणि साऱ्या बायकांच्या देखत मला म्हणाल्या,

“चाख.”